टेबलं येतात, रेषा येत नाहीत: ईआर डायग्रामची नेहमीची अडचण आणि टूलची निवड

ईआर डायग्राम म्हणजे डेटाबेसमधली टेबलं आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र. टूल डेटाबेसला जोडलं, रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार डेटाबेसवरून चित्र काढणं) चालवलं, पडद्यावर साठ-सत्तर टेबलांचे चौकोन उमटले. पण त्यांना जोडणारी रेषा एकही नाही, किंवा असल्या तर चार-पाच. मग टूल बदललं जातं. मायएसक्यूएल वर्कबेंच सोडून डीबीव्हर, तेही सोडून एखादं विकतचं. चित्र तसंच. बहुतेक वेळा दोष टूलचा नसतोच, म्हणून आधी डेटाबेस तपासायचा आणि टूल नंतर ठरवायचं. उलटं केलं की पैसे जातात आणि रेषा येतच नाहीत.

उदाहरणासाठी दूध संकलनाचा डेटाबेस धरू. टेबलं पाच: सभासद, केंद्र, संकलन, दरपत्रक, बिल. संकलन टेबलात रोज सकाळ-संध्याकाळची नोंद पडते. तिच्यात सभासद_आयडी, केंद्र_आयडी, तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर. सभासद_आयडी म्हणजे सभासद टेबलातली ओळ, हे माणसाला नाव वाचूनच कळतं. टूलला ते कळत नाही. ते कॅटलॉगला, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या रचनेच्या ठेवलेल्या नोंदवहीला, एवढंच विचारतं की फॉरेन की (या कॉलममधला आकडा त्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम) कुठल्या जाहीर झाल्यात, आणि तेवढ्याच रेषा काढतं. नावावरून अंदाज बांधणारी टूलं आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

पहिली तपासणी: फॉरेन की मुळात आहेत का

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर 'शो क्रिएट टेबल संकलन' चालवा. उत्तराच्या शेवटी 'कन्स्ट्रेंट … फॉरेन की … रेफरन्सेस' अशी ओळ दिसली पाहिजे. नुसतं 'की' किंवा 'इंडेक्स' दिसलं तर तो फक्त इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून केलेली यादी) आहे, त्यावरून रेषा येत नाही. सगळ्या स्कीमाचा, म्हणजे टेबलांच्या पूर्ण गटाचा, आकडा एकदम हवा असेल तर इन्फर्मेशन_स्कीमातल्या रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स या व्ह्यूमधल्या आपल्या स्कीमाच्या ओळी मोजा. तिथे एका फॉरेन कीला एक ओळ असते. पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएल (त्याची कमांड लिहायची खिडकी) उघडून 'बॅकस्लॅश डी संकलन', आणि एकूण आकड्यासाठी पीजी_कन्स्ट्रेंट या कॅटलॉगमध्ये कॉनटाइप 'एफ' असलेल्या ओळी.

आकडा शून्य आला तर रोग डेटाबेसमध्ये आहे. आकडा भरपूर आहे आणि चित्रात मात्र रेषा नाहीत, तर बहुधा परवानगीचा घोळ आहे. हे दोन वेगळे रोग आहेत आणि औषधंही वेगळी.

आकडा शून्य का येतो

सर्वांत जुनं कारण म्हणजे मायआयसॅम इंजिन, मायएसक्यूएलची टेबलं साठवण्याची जुनी पद्धत. मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हे ठरलेलं इंजिन झालं, पण त्याआधी सुरू झालेले आणि वर्षानुवर्षं डंप-रिस्टोर (फाइलमध्ये काढून परत चढवणं) होत आलेले डेटाबेस अजून मायआयसॅमवरच असतात. मायआयसॅम फॉरेन कीचं वाक्य वाचतं, तक्रार करत नाही आणि ते सोडून देतं. इन्फर्मेशन_स्कीमाच्या टेबल्स व्ह्यूमधला इंजिन कॉलम बघा. मायआयसॅम निघालं तर बॅकअप घेऊन 'ऑल्टर टेबल संकलन इंजिन = इनोडीबी' चालवा. यात सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं, म्हणून मोठ्या टेबलाला हे काम रात्री लावा. इंजिन बदललं म्हणून जुन्या फॉरेन की परत येत नाहीत. त्या कधी साठवल्याच गेल्या नव्हत्या, नव्याने द्याव्या लागतात.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. कॉलमच्याच ओळीत 'सभासद_आयडी इंट रेफरन्सेस सभासद' असं लिहिलं, तर मायएसक्यूएल ८ पर्यंत ते मुकाट्याने दुर्लक्षिलं जातं, इंजिन इनोडीबी असलं तरी. पोस्टग्रेसमध्ये हेच वाक्य पक्की फॉरेन की बनवतं, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथे हमखास अडकतो. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की टेबलाच्या शेवटी, वेगळ्या ओळीत लिहा.

तिसरं कारण फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बांधायचा तयार सांगाडा. लाराव्हेलच्या मायग्रेशनमध्ये (टेबलांत बदल करणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये) 'फॉरेनआयडी' एवढंच लिहिलं तर फक्त अनसाइन्ड बिगइंट कॉलम बनतो. पुढे 'कन्स्ट्रेन्ड' जोडलं तरच फॉरेन की. मॉडेलमध्ये 'बिलाँग्जटू' लिहिलेलं असतं, ॲप नीट चालतं, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. प्रिझ्मामध्ये रिलेशनमोड 'प्रिझ्मा' ठेवला असेल तर तो फॉरेन की टाकतच नाही. जँगो टाकतो, पण कुणी 'डीबी_कन्स्ट्रेंट' फॉल्स केलं असेल तर नाही.

मायएसक्यूएलमध्ये टेबलाला पार्टिशन पाडलेलं असेल, म्हणजे आतून त्याचे तुकडे केलेले असतील, तर इनोडीबी त्यावर फॉरेन की घेतच नाही. संकलनासारखं टेबल महिन्याच्या पार्टिशनवर असेल तर तिथे खरी रेषा कधीच मिळणार नाही. खाली सांगितलेली आभासी रेषा, म्हणजे फक्त टूलला सांगितलेलं नातं, वापरा.

पीएचपीमायॲडमिनच्या डिझायनरमध्ये रेषा दिसतात आणि दुसऱ्या टूलमध्ये दिसत नाहीत, ही तक्रारही नेहमीची. पीएचपीमायॲडमिन 'अंतर्गत' नाती स्वतःच्या पीएमए_रिलेशन या वेगळ्या टेबलात ठेवतं. ती फक्त त्यालाच कळतात. टेबलाच्या रिलेशन व्ह्यूमध्ये नातं 'फॉरेन की कन्स्ट्रेंट' खाली आहे की 'इंटर्नल' खाली, एवढं पाहिलं की उलगडा होतो. झाम्पवर (सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: झाम्पमध्ये आता मायएसक्यूएल नसून मारियाडीबी असतं, आणि वर्कबेंच त्याला जोडताना विसंगत सर्व्हर म्हणून इशारा देतं. चालतं बरंचसं, पण मध्येच अडलं तर तिथे डीबीव्हर बरं.

आकडा भरपूर, तरी रेषा नाहीत

पोस्टग्रेसवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. सुरक्षिततेसाठी डायग्रामला फक्त वाचण्याचा, म्हणजे नुसत्या सिलेक्टचा युजर दिला जातो. विचार योग्यच आहे. पण इन्फर्मेशन_स्कीमातले टेबल_कन्स्ट्रेंट्स आणि रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स हे व्ह्यू टेबलाच्या मालकाला, किंवा सिलेक्टपलीकडचा काही अधिकार असलेल्यालाच ओळी दाखवतात. नुसत्या सिलेक्टवाल्याला तिथे शून्य ओळी मिळतात आणि एरर काहीच येत नाही. टूल बिचारं 'नाती नाहीत' असं समजून सुटे चौकोन काढतं.

पडताळा सोपा आहे. त्याच युजरने दोन ठिकाणी मोजा: एकदा इन्फर्मेशन_स्कीमात, एकदा पीजी_कन्स्ट्रेंटमध्ये. पहिल्या ठिकाणी ०, दुसऱ्या ठिकाणी ८४ असं काही आलं की निदान पक्कं. पीजी_कॅटलॉग सगळ्यांना वाचता येतो, म्हणून त्यावरून वाचणारं टूल निवडा. ते शक्य नसेल तर युजरला त्या टेबलांवर रेफरन्सेस हा अधिकार द्या. तो सिलेक्टपलीकडचा असल्याने ओळी दिसू लागतात, आणि डेटात ढवळाढवळ करता येत नाही. इन्सर्ट-अपडेटचे अधिकार या कामासाठी कधीही देऊ नका. आणखी सुरक्षित रस्ता हवा असेल तर फक्त स्कीमाचा, म्हणजे डेटा सोडून नुसत्या रचनेचा, डंप काढा, स्वतःच्या मशीनवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा आणि डायग्राम त्यावरून काढा. तिथे मालक तुम्हीच, आणि ग्राहकांचा डेटाही हाताळावा लागत नाही.

एकापेक्षा जास्त स्कीमा असतील तर टूलला ते सगळे दिलेत ना, हेही बघा. सभासद एका स्कीमात आणि संकलन दुसऱ्यात असेल, तर एकच स्कीमा निवडल्यावर रेषेचं दुसरं टोकच चित्रात नसतं.

फॉरेन की टाकताना येणारे एरर

आभासी उपायांपेक्षा खरी फॉरेन की टाकणं केव्हाही चांगलं. रेषा तर मिळतेच, शिवाय नसलेल्या सभासदाच्या नावावर दूध जमा होणं थांबतं.

मायएसक्यूएल ८ मध्ये पहिला एरर येतो ३७८०, कॉलम जुळत नाहीत. जुन्या आवृत्तीत हाच 'एरर नंबर १५०' म्हणून यायचा. दोन्ही कॉलमचा प्रकार तंतोतंत एक हवा: इंट आणि बिगइंट चालत नाही, साइन्ड आणि अनसाइन्डही नाही. लाराव्हेल ५.८ पासून मायग्रेशनमधला आयडी बिगइंट झाला. म्हणून ५.७ च्या काळातलं सभासद टेबल इंटवर आणि नंतर आलेलं संकलन बिगइंटवर, अशी विजोड जोडी सर्रास सापडते. मोठा प्रकार ठेवून लहान बदला, म्हणजे इंटचा बिगइंट करा, उलट नको. आणि सभासद.आयडीकडे बोट दाखवणारे बाकीचे सगळे कॉलमही त्याच वेळी बदला. मजकुराचे कॉलम असतील तर कॅरेक्टर सेट आणि कोलेशनही (अक्षरांची तुलना करण्याचा नियम) सारखं लागतं.

दुसरा एरर १४५२: पोटी ओळ (इथे संकलनातली) आहे, पालक ओळ (सभासदातली) नाही. आधी अनाथ ओळी शोधा. संकलनाला सभासदाशी लेफ्ट जॉइन करा, आणि जिथे संकलन.सभासद_आयडी भरलेला आहे पण सभासद.आयडी नल (रिकामा) आला त्या ओळी सभासद_आयडीनुसार गटवारीने मोजा. गटवारी केल्याने चित्र लगेच उघडं पडतं. पाच हजार अनाथ ओळी बहुतेकदा सहा-सात काढून टाकलेल्या सभासदांच्याच निघतात. त्या ओळी पुसू नका, त्यांत बिलाचे पैसे आहेत. सभासद टेबलात ते क्रमांक 'बंद' अशा स्थितीत परत भरा, मग फॉरेन की टाका. ० हा आकडा 'सभासद नाही' अशा अर्थाने भरलेला असेल तर कॉलम नल घेणारा करून ० च्या जागी नल टाका.

'फॉरेन_की_चेक्स' शून्य करून फॉरेन की घुसवण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो घेऊ नका. ते सेटिंग परत १ केलं तरी मायएसक्यूएल आधीच्या ओळी तपासत नाही. रेषा चित्रात दिसते आणि खालचा डेटा तुटलेलाच राहतो, म्हणजे आता डायग्रामच खोटं बोलू लागला.

पोस्टग्रेसमध्ये मोठ्या, चालू टेबलासाठी दोन टप्पे करा. आधी 'नॉट व्हॅलिड' लावून फॉरेन की टाका, हे क्षणात होतं आणि नव्या ओळी लगेच तपासल्या जातात. मग 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवा. त्या वेळी टेबलावर लिहिणं थांबत नाही. रेषा मात्र पहिल्या टप्प्यातच दिसू लागते, म्हणून दुसरा टप्पा विसरला जातो. मायएसक्यूएल पोटी कॉलमवर इंडेक्स आपणहून बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. तो हाताने द्या, नाहीतर सभासदाची एक ओळ काढताना सगळं संकलन टेबल चाळलं जाईल.

फॉरेन की टाकताच येत नसेल तेव्हा

पॅकेज दुसऱ्याचं असतं, स्कीमाला हात लावायची मुभा नसते. अशा वेळी आभासी नाती सांभाळणारं टूलच निवडा.

डीबीव्हरमध्ये टेबल उघडून 'व्हर्च्युअल' भागात आभासी फॉरेन की देता येते. ती डीबीव्हरच्या प्रोजेक्टमध्ये राहते, डेटाबेसमध्ये नाही, म्हणून शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला ती आपोआप दिसणार नाही. डेटाग्रिपमध्येही अशीच सोय आहे. स्कीमास्पाय स्वतःच अंदाज बांधतं: एखाद्या कॉलमचं नाव आणि प्रकार दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीशी (प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमशी) जुळला, तर ते 'ध्वनित' नातं म्हणून तुटक रेषा काढतं. तुमच्या प्रत्येक टेबलाची प्रायमरी की नुसती 'आयडी' असेल तर या अंदाजाचा फार उपयोग नाही, आणि 'कोड' नावाची की दोन-तीन टेबलांत असेल तर खोट्या रेषांचं जाळं तयार होतं. तेव्हा 'नोइम्प्लाइड' पर्याय देऊन अंदाज बंद करा आणि खरी नाती मेटा एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्या. टीबीएलएसमध्ये हेच काम वायएएमएल फाइलमध्ये होतं: टेबल, कॉलम, पालक टेबल, पालक कॉलम. अनेक माणसं असतील तर हे शेवटचे दोन रस्ते बरे, कारण फाइल गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) जाते.

काही नाती मात्र फॉरेन की होऊच शकत नाहीत, आणि इथेच अनुभवी माणूससुद्धा टूलला दोष देतो. संकलनातला दर दरपत्रकातून येतो, पण कसा? फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ कुठल्या पट्ट्यात बसतात आणि त्या तारखेला कुठलं पत्रक लागू होतं, हे पाहून. हे पट्ट्याचं नातं आहे. दरपत्रकात 'पासून-पर्यंत' असे कॉलम आहेत, संकलनातला आकडा त्यांच्यापैकी कशाशीही बरोबरीने जुळत नाही. कुठलंही टूल इथे रेषा काढणार नाही आणि काढूही नये. दोन टेबलं शेजारी ठेवा, मध्ये टीप टाका: 'दर तारीख व पट्ट्यानुसार, फॉरेन की नाही'. वर्कबेंचमध्ये त्यासाठी टेक्स्ट ऑब्जेक्ट आहे, डीबीव्हरमध्ये नोट.

रेषा आल्या, पण वाचताच येत नाही

ऑटोलेआउट साठ टेबलांना नीट मांडू शकत नाही. एका पानावर पंधरा ते वीस टेबलं पुरे, आणि पानं विषयावर पाडा: संकलन, बिल, पशुखाद्य उधारी. एकच टेबल दोन पानांवर आलं तर येऊ द्या. 'नोंद_करणारा' आणि 'बदल_करणारा' हे कॉलम प्रत्येक टेबलात असतात आणि सगळे युजर टेबलाकडे जातात. ते एक टेबल पानावरून काढलं की अर्धी गर्दी कमी होते. पोस्टग्रेसच्या पार्टिशन टेबलांचे तुकडेही वगळा, फक्त मूळ टेबल ठेवा.

वर्कबेंचमध्ये काही रेषा सलग, काही तुटक दिसतात. सलग म्हणजे फॉरेन की ही पोटी टेबलाच्या प्रायमरी कीचाही भाग आहे, तुटक म्हणजे नाही. क्रोज फूट (रेषेच्या टोकांना चिन्हं देणाऱ्या) पद्धतीत पालकाच्या टोकाला गोल आला तर तो कॉलम नल घेतो. तसा हेतू नसेल तर चित्र नाही, कॉलम दुरुस्त करा. आणि एकास-एक नातं एकास-अनेक दिसत असेल, उदाहरणार्थ सभासद आणि त्याचं बँक खातं, तर पोटी कॉलमवर युनिक इंडेक्स राहून गेलाय.

मग टूल कुठलं

प्रश्न एकच विचारा: खरा स्कीमा कुठे राहतो, डेटाबेसमध्ये की डायग्राममध्ये?

डेटाबेस चालू आहे आणि मायग्रेशनने बदलतो, तर फक्त वाचणारं टूल घ्या. पटकन बघायला डीबीव्हर कम्युनिटी, सगळ्यांसाठी एचटीएमएल हवं तर स्कीमास्पाय, मार्कडाउनमध्ये हवं तर टीबीएलएस. तिन्ही फुकट. नवा डेटाबेस आखायचा असेल तर मायएसक्यूएलसाठी वर्कबेंच, पोस्टग्रेससाठी पीजीॲडमिनचं ईआरडी टूल किंवा पीजीमॉडेलर, ओरॅकलसाठी एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर. वर्कबेंचची एमडब्ल्यूबी फाइल प्रत्यक्षात झिप असते, म्हणून गिटमध्ये कोणता कॉलम बदलला ते दिसत नाही. मजकुरातून डायग्राम हवा तर डीबीएमएल (टेबलं मजकुरात लिहायची भाषा) लिहून डीबीडायग्राम, किंवा मर्मेड. गिटहब २०२२ पासून मर्मेड थेट दाखवतं. डीबीडायग्राम ऑनलाइन आहे, टेबलांची नावं बाहेर जातात. ग्राहकाची परवानगी आधी घ्या. ड्रॉ.आयओ सादरीकरणासाठी छान, पण ते डेटाबेसशी जोडलेलं राहत नाही.

वर्कबेंचमधून डेटाबेसवर बदल ढकलताना 'फॉरवर्ड इंजिनिअर' चालू डेटाबेसवर वापरू नका. त्यातल्या 'क्रिएटच्या आधी ड्रॉप' या चौकोनावर खूण असेल तर टेबलं डेटासकट जातात. 'सिंक्रोनाइझ मॉडेल' वापरा, शेवटच्या पायरीवर दिसणारं एसक्यूएल ओळ न् ओळ वाचा, आणि 'ड्रॉप' शब्द दिसला की थांबा.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी थोडक्यात. मॅनेजमेंट स्टुडिओ १८.० मधून डेटाबेस डायग्राम काढून टाकले होते, १८.१ मध्ये परत आले. तुमच्याकडे तो फोल्डरच नसेल तर आवृत्ती बघा. 'डेटाबेसला वैध मालक नाही' असा एरर आला तर डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवरून रिस्टोर केलेला असतो. 'ऑल्टर ऑथरायझेशन'ने मालक बदलून द्या.

मराठी मजकूर बिघडतो तेव्हा

टेबलांच्या कमेंट मराठीत लिहिल्या आणि डायग्राममध्ये चौकोनी डबे आले, तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं आली, तर अक्षरं आधीच गेली. हा फरक लक्षात ठेवला की अर्धा दिवस वाचतो. स्कीमास्पाय डॉकरमध्ये चालवलं तर इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो. डेबियनवर 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' हे पॅकेज टाका आणि स्कीमास्पायला 'फॉन्ट' पर्यायात नोटो सान्स देवनागरी द्या. प्रश्नचिन्हांना फॉन्टचा उपाय नाही. कनेक्शन लॅटिन१ (देवनागरी नसलेला अक्षरसंच) वर होतं, ते यूटीएफ८एमबी४ करा आणि त्या कमेंट पुन्हा लिहा.

डायग्राम पुन्हा शिळा होऊ नये म्हणून

रेषा आल्या, पानं पडली, आणि तीन महिन्यांनी कुणीतरी पशुखाद्याचं नवं टेबल जोडलं. हे टाळायला डायग्राम हाताने काढायचाच नाही. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) रिकामा डेटाबेस उभा करा, सगळी मायग्रेशन चालवा, मग 'टीबीएलएस डिफ'. गिटमधली कागदपत्रं आणि प्रत्यक्ष स्कीमा यांत फरक निघाला तर बिल्ड लाल होतो. तोच डेटाबेस आपल्या मशीनवर उभा करून 'टीबीएलएस डॉक' चालवायचं, आणि बदललेल्या फायली मायग्रेशनच्याच पुल रिक्वेस्टमध्ये टाकायच्या.